पेव्हिंग ब्लॉक दोनदा, ड्रेनेज एकदाही नाही: पुन्हा निवडून येण्याचं गणित

प्रश्न हद्दवाढ भागातल्या एका तरुणाचा आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: "नगरसेवक असो, आमदार असो की खासदार, गुलाल उधळला त्या दिवसापासून माणूस पुढच्या निवडणुकीच्या मागे लागतो. आमच्या गल्लीत पेव्हिंग ब्लॉक दोनदा बसले, ड्रेनेज लाइन मात्र अजून आली नाही. पुन्हा निवडून यायची चिंताच नसती, समजा कायद्याने दोनच टर्म मिळाल्या असत्या, तर कारभार सुधारला असता का?"

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. नसता सुधारला. ड्रेनेज तर झालंच नसतं, कदाचित पेव्हिंग ब्लॉकही आले नसते. मी सोलापुरात आधी लोकप्रतिनिधींचा स्वीय सहायक होतो, नंतर बूथबांधणी आणि मतदारयाद्यांच्या कामात पडलो. त्या निमित्ताने सगळ्या पक्षांची माणसं आतून पाहिली. पुन्हा निवडून यायचं दडपण सगळ्यांवर असतं, पण त्याच दडपणाखाली एक जण वीस वर्षं पाण्याच्या योजनेमागे लागतो आणि दुसरा चौकात स्वागतकमान उभारतो. तेव्हा दडपण आहे की नाही यापेक्षा ते कुणाचं आहे, किती वर्षांचा हिशेब करायला लावतं आणि त्यात दिसतं काय, हे पाहायला हवं.

आधी तुमच्या गल्लीचंच घेऊ. ड्रेनेज लाइन टाकायची म्हणजे रस्ता खोदायचा. खोदताना पाण्याची जुनी लाइन फुटणार, चार-पाच दिवसांनी येणारं पाणी त्या वेळी गटारात जाणार. घरोघरी चेंबर काढायचे, त्यासाठी ओटे, पायऱ्या, जिने तोडायचे. आणि एवढं करूनही तुमच्या गल्लीतली लाइन कोरडीच राहणार, कारण ती जिथे मिळायची ती मेन लाइन शेजारच्या प्रभागातून जाते आणि तिचा प्रस्ताव कुठेतरी मंजुरीत अडकलेला असतो. खोदाईच्या शिव्या आज खायच्या, फायदा तीन-चार वर्षांनी आणि तोही जमिनीखाली. पेव्हिंग ब्लॉक आठ दिवसांत बसतात, फोटो निघतो, कोपऱ्यावर "यांच्या प्रयत्नातून" अशी पाटी लागते. नगरसेवकाच्या हातात असलेल्या तुटपुंज्या वॉर्डनिधीत ते बसतातही.

त्यात आपल्याकडची प्रभाग पद्धत. २०१७ च्या निवडणुकीत सोलापूर महापालिकेत २६ प्रभाग होते, त्यातले २४ चार सदस्यांचे आणि उरलेले दोन प्रत्येकी तीन सदस्यांचे, एकूण १०२ नगरसेवक. एका प्रभागात अ, ब, क, ड असे चौघे. काम झालं की चौघांचे फ्लेक्स लागतात. झालं नाही तर अ वाला म्हणतो ड वाल्याने अडवलं, ड वाला म्हणतो माझा निधी तिकडच्या वस्तीत गेला. तुम्ही मत देताना चार बटणं दाबलेली असतात. ड्रेनेजचा राग नेमका कुठल्या बटणावर काढायचा हे तुम्हालाही सांगता येत नाही आणि नगरसेवकाला हे पक्कं ठाऊक असतं.

डेव्हिड मेह्यू नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९७४ मध्ये तिथल्या संसद सदस्यांबद्दल मांडलं होतं की पुन्हा निवडून येणं हाच त्यांचा हेतू धरला तर त्यांची बहुतेक वागणूक तीन गोष्टींत बसते: नाव सतत लोकांपुढे ठेवणं, झालेल्या कामाचं श्रेय घेणं आणि भूमिका जाहीर करणं. आपल्याकडे याला वाढदिवसाचा फ्लेक्स, कोनशिला आणि जिल्हाधिकारी कार्यालयात दिलेलं निवेदन म्हणतात. तिन्हीत प्रत्यक्ष काम व्हायलाच हवं असं कुठेही नाही.

आता जी गोष्ट बाहेरच्यांना फारशी दिसत नाही ती सांगतो. लोकसभा-विधानसभेचा निकाल लागला की फॉर्म २० नावाचा तक्ता मिळतो. त्यात प्रत्येक मतदान केंद्रावर कुणाला किती मतं पडली ते असतं. महापालिकेच्या निवडणुकीतही केंद्रनिहाय आकडे हाती येतात. एका केंद्रावर साधारण हजार-बाराशे मतदार, म्हणजे दोन-चार गल्ल्या. कुणी कुणाला मत दिलं ते गुप्त राहतं, पण कुठल्या गल्लीने दिलं ते राहत नाही. गुलाल धुवायच्या आत आमच्यासारखी माणसं हा तक्ता घेऊन बसतात आणि हिरवा, पिवळा, लाल असे रंग भरतात. हिरवे घरचे, लाल विरोधकांचे, पिवळे दोलायमान.

एकदा एका लोकप्रतिनिधीकडे निधीतल्या कामांची यादी टाइप करायला बसलो होतो. अभियंत्याने गरजेप्रमाणे क्रम लावून दिला होता. साहेबांनी ती समोर ओढली आणि पेन्सिलीने प्रत्येक कामापुढे बूथचा नंबर आणि मतांचा फरक लिहायला सुरुवात केली. अभियंत्याच्या यादीत वरून दुसरं काम एका झोपडपट्टीतल्या सार्वजनिक शौचालयाच्या दुरुस्तीचं होतं. त्या बूथवर साहेबांना शंभरही मतं नव्हती. पुढे पेन्सिलीने एकच शब्द पडला: "नंतर". यादीच्या तळाशी असलेला एक सभामंडप पहिल्या नंबरावर आला, कारण त्या बूथवर अवघ्या अकरा मतांनी मागे राहिलो होतो. घरच्या बूथवरचं एकही काम पहिल्या पाचांत नव्हतं. मी विचारलं तर म्हणाले, "ते कुठं जातात? त्यांच्याकडं लग्नाला गेलो की झालं."

हे एकट्या त्या साहेबांचं शहाणपण नव्हतं. खासदार निधी १९९३ मध्ये सुरू झाला, २०११-१२ पासून तो वर्षाला ५ कोटी आहे. फिलिप कीफर आणि स्तुती खेमानी यांनी या निधीच्या वापराचा अभ्यास केला, तेव्हा पक्षाच्या बालेकिल्ल्यांत खासदार निधी कमी वापरतात असं दिसलं. मत नक्की असेल तिथे घाम गाळायचं कारण उरत नाही. म्हणून एखादी वस्ती पिढ्यान्‌पिढ्या एकाच चिन्हाची राहिली तर तिला दोन्हीकडून कमी मिळतं. तिच्या नेत्याला तिची काळजी नसते आणि विरोधकाला आशा नसते.

केंद्रनिहाय आकडे उघड होऊ नयेत म्हणून अनेक यंत्रांची मतं एकत्र मोजणारं टोटलायझर वापरावं, असा प्रस्ताव निवडणूक आयोगाने २००८ मध्येच दिला होता. विधी आयोगानेही २०१५ मध्ये त्याची शिफारस केली. केंद्र सरकारने ते मानलं नाही. मतपत्रिका होत्या तेव्हा वेगवेगळ्या केंद्रांतल्या मिसळून मोजायची सोय होती, यंत्र आल्यावर ती गेली. पुन्हा निवडून येण्याच्या दडपणाचं रूप बदलणारी एवढी मोठी गोष्ट, पण तिच्यावर कुठल्या प्रचारसभेत कुणी चकार शब्द काढलेला मी ऐकला नाही.

शिफारसपत्रांचंही तसंच. रोज सकाळी संपर्क कार्यालयात माणसं येतात. बदली, दवाखान्याचं बिल, शाळाप्रवेश, रेशनकार्ड. जो आला त्याला पत्र मिळतंच, कारण रिकाम्या हाताने परतलेला माणूस दहा घरी सांगतो. पत्रात "नियमानुसार योग्य ती कार्यवाही व्हावी" असं असतं. अधिकाऱ्याला ठाऊक असतं की मागून फोन आला तर काम करायचं, नाहीतर पत्र फाइलला लावायचं. फोन कुणासाठी करायचा याची यादी वेगळी असते. आलेल्या माणसाला मात्र साहेबांनी प्रयत्न केले याचा कागद मिळालेला असतो, आणि तो लॅमिनेट करून ठेवणारेही मी पाहिलेत.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, म्हणजे माझंच खरं, दडपणच वाईट. थांबा. सांगोल्याकडे बघा. गणपतराव देशमुख १९६२ मध्ये पहिल्यांदा आमदार झाले आणि तब्बल अकरा वेळा निवडून आले. शेतकरी कामगार पक्षाचे, म्हणजे हयात बहुतेक विरोधी बाकांवर. १९७२ मध्ये हरले, १९९५ मध्ये अगदी थोडक्या मतांनी हरले. तेव्हा त्यांना कुणाची भीतीच नव्हती असं कुणी म्हणू नये. पण दुष्काळी तालुक्याला पाणी हा एकच विषय त्यांनी दशकानुदशकं धरून ठेवला. टेंभू, म्हैसाळसारख्या योजनांचं पाणी एका टर्ममध्ये येत नसतं. ज्याला आपण पुढच्या वेळीही असू असा बऱ्यापैकी भरवसा असतो, तोच असलं काम अंगावर घेतो. साधेपणाच्या गोष्टी सगळेच सांगतात, एसटीने जायचे वगैरे. मला त्यापेक्षा हा भरवसा महत्त्वाचा वाटतो.

सगळ्यांच्या वाट्याला तो येत नाही. अमेरिकेत पदावर असणं हा मोठा फायदा असतो. आपल्याकडे १९९१ नंतरच्या लोकसभा निवडणुकांच्या अभ्यासात उलटं दिसलं: थोडक्यात जिंकलेल्या खासदाराला पुढच्या वेळी पदाचा तोटाच होतो. पुन्हा येऊ की नाही ही चित-पट असेल तर माणूस चार वर्षांनी फळ देणारं काम कशाला हाती घेईल? झाडं लावणारा एक आणि आंबे खाणारा दुसरा, हा हिशेब राजकारण्यांना फार लवकर कळतो.

बरं, काम केलं की मत मिळतं हेही खात्रीचं नाही. माकपचे माजी आमदार नरसय्या आडम मास्तरांचं उदाहरण आमच्या धंद्यात दबक्या आवाजात सांगितलं जातं. बिडी कामगार बायकांसाठी कुंभारीत गोदूताई परुळेकर नगरात दहा हजार घरं उभी राहिली. पुढे असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांचं रे नगर आलं, त्यातल्या पहिल्या पंधरा हजार घरांचं हस्तांतरण १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झालं. एवढं काम देशात किती आमदारांच्या नावावर असेल? पण २००९ पासून सोलापूर शहर मध्य मतदारसंघात मास्तर सलग चार वेळा हरले. कारणं अनेक आहेत, मतांची विभागणी आहे, धर्माचं राजकारण आहे. मला एक साधं कारणही दिसतं. कुंभारी शहराच्या हद्दीबाहेर, दक्षिण सोलापूर तालुक्यात आहे. घर मिळून तिकडे राहायला गेलेला कामगार आज ना उद्या यादीतलं नावही तिकडे नेतो. मतदारसंघाच्या आतच काम करा, बाहेर नको, हा धडा बाकीच्यांनी यातून घेतला. चुकीचा धडा आहे, पण घेतला.

आता दडपण कुणाचं हा प्रश्न. तुम्ही धरून चाललात की नेता मतदाराला घाबरतो. सोलापूर लोकसभेच्या २०१४ पासूनच्या तीन निवडणुका बघा. २०१४ मध्ये केंद्रीय गृहमंत्री असलेल्या सुशीलकुमार शिंदेंना भाजपच्या शरद बनसोडेंनी हरवलं. २०१९ ला बनसोडेंना तिकीट नाही, डॉ. जयसिद्धेश्वर महास्वामी उभे राहिले आणि जिंकले. २०२४ ला त्यांनाही नाही, राम सातपुते आले आणि प्रणिती शिंदेंकडून हरले. दोन्ही वेळच्या उमेदवार बदलाची कारणं वेगळी असतील, त्यात मी शिरत नाही. पण परिणाम बघा. लागोपाठ दोन खासदारांच्या कामावर मत द्यायची संधी सोलापूरकरांना मिळालीच नाही. परीक्षा द्यायला विद्यार्थीच आला नाही. आपला निकाल मुंबई-दिल्लीत लागणार हे ज्याला कळतं, तो मतदारसंघात फिरायचं की तिकडे, याचा हिशेब आपोआप करतो. त्यात दोष माणसाचा कमी, तिकीट वाटपाच्या पद्धतीचा जास्त.

उजनीच्या पाण्याचंही तेच. एप्रिल २०२१ मध्ये उजनीतून ५ टीएमसी सांडपाणी इंदापूर तालुक्याला द्यायच्या योजनेला मंजुरी मिळाली. तेव्हा सोलापूरचे पालकमंत्री होते दत्तात्रय भरणे आणि ते आमदार इंदापूरचे. जिल्ह्यात आंदोलनं पेटली आणि मे महिन्यात जलसंपदामंत्री जयंत पाटील यांनी तो निर्णय रद्द करत असल्याचं जाहीर केलं. भरणे यांचं म्हणणं होतं की हे पुणे-पिंपरीकडून येणारं सांडपाणी आहे, सोलापूरचा थेंबही जात नाही. ते बाजूला ठेवा. ज्या तालुक्यात मतं मागायची आहेत त्याच्यासाठी पाणी आणायला धडपडणं ही तर आमदाराकडून अपेक्षाच आहे. गोची आहे ती शेजारच्या जिल्ह्याचा पालक त्याला नेमण्यात. नंतर माघार घ्यावी लागली तीही दडपणामुळेच, फक्त आमच्या बाजूच्या आमदारांवरच्या.

राज्य पातळीवर हे गणित तारखांनीच बोलतं. लोकसभेचा निकाल ४ जून २०२४ ला लागला. २८ जूनच्या अर्थसंकल्पात मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना आली, महिना १५०० रुपये. ऑगस्टमध्ये पहिले पैसे खात्यात आले, नोव्हेंबरचा हप्तासुद्धा आचारसंहितेआधी जमा झाला आणि २० नोव्हेंबरला मतदान. पात्रतेची काटेकोर छाननी आणि ई-केवायसी हे सगळं निवडणुकीनंतर, २०२५ मध्ये. यात काही बेकायदेशीर नाही आणि मी याला सरसकट वाईटही म्हणणार नाही. दिवसभर बिडी वळणाऱ्या बाईच्या खात्यात महिन्याला १५०० रुपये येणं ही लहान गोष्ट नाही. त्या दडपणाने ती मिळाली, इतकंच लक्षात ठेवायचं.

जे दडपण वरून दिसत नाही ते जास्त महाग पडतं. सोलापूर जिल्ह्यात तीसहून अधिक साखर कारखाने. संदीप सुखटणकर यांनी महाराष्ट्रातल्या कारखान्यांच्या आकड्यांवरून दाखवलं की जिथले अध्यक्ष निवडणुका लढवतात, तिथे निवडणुकीच्या वर्षी शेतकऱ्याला उसाचा दर कमी मिळतो. पैसा कुठे जात असेल ते सांगायला नको. तरी शेतकरी त्याच अध्यक्षाला मत का देतो? त्याच अभ्यासात पुढे दिसतं की निवडणूक जिंकल्यावर दर वर जातो, म्हणजे उसनं घेतल्यासारखं परत केलं जातं. बँकांचंही बघा. शॉन कोल यांच्या अभ्यासात सरकारी बँकांचं शेतीकर्ज निवडणुकीच्या वर्षी वाढलेलं आढळलं, शेतीचं उत्पादन मात्र त्या मानाने वाढलं नाही.

दिसण्याबद्दल अजून एक. अमेरिकेतल्या एका अभ्यासात आढळलं की आपत्तीनंतर मदत वाटणाऱ्याला मतदार बक्षीस देतात, आपत्ती टाळण्यासाठी आधी खर्च करणाऱ्याला देत नाहीत. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला पूर आला तेव्हा माढा, मोहोळकडे नेत्यांच्या गाड्यांची रांग लागली होती. नदीपात्रातली अतिक्रमणं आणि बंधाऱ्यांची दारं यांवर पूर येण्याआधी एखादी बैठक घेणाऱ्याला कोण ओळखणार? तुमच्या ड्रेनेजचं दुखणंही याच जातीचं. न तुंबलेल्या गटाराचं उद्घाटन करता येत नाही.

मग दोन टर्मची मर्यादा? ब्राझीलमध्ये महापौरांना लागोपाठ दोनच कार्यकाळ मिळतात. क्लॉडिओ फेराझ आणि फ्रेडेरिको फिनान यांनी तिथल्या लेखापरीक्षणांचा अभ्यास २०११ मध्ये मांडला. पुन्हा उभं राहण्याची संधी शिल्लक असलेल्या महापौरांच्या कारभारात गैरव्यवहार सुमारे २७ टक्के कमी सापडले. म्हणजे चिंता संपली की हात सैल सुटतात. अमेरिकेतल्या गव्हर्नरांच्या शेवटच्या कार्यकाळात कर आणि खर्च वाढलेले दिसतात, तेही याच दिशेने बोट दाखवतं.

आपल्याकडे तर मर्यादा घालून उपयोग आणखी कमी, कारण इथे निवडणूक माणूस लढवत नाही, घर लढवतं. महापालिकेत आरक्षणाची सोडत निघते ती एक प्रकारची टर्मची मर्यादाच आहे. सोडतीच्या दिवशी सभागृहाबाहेर उभं राहून बघा. प्रभाग महिलांसाठी राखीव झाला की तासाभरात पत्नीच्या नावाने फ्लेक्सचं डिझाइन सुरू होतं. मागासवर्गीयांना गेला की जवळच्या कार्यकर्त्याला उभं करतात आणि स्वतः शेजारच्या प्रभागात चाचपणी. ज्या गल्लीत पुन्हा यायचंच नाही तिथली अर्धी कामं मग तशीच राहतात. सहकारी बँकांच्या संचालकांना आठ वर्षांची मर्यादा आली, २०२५ मध्ये ती दहा झाली. जाणाऱ्याच्या खुर्चीवर कोण बसतं ते आपल्या जिल्ह्यातल्या कुठल्याही बँकेच्या फलकावरची आडनावं वाचून कळेल. अर्थात याच सोडतीतून चांगलंही निघतं. रिखिल भावनानी यांनी मुंबई महापालिकेचा अभ्यास केला तेव्हा दिसलं की महिला आरक्षण उठल्यानंतरही त्या प्रभागात बाई निवडून येण्याची शक्यता आधी राखीव नसलेल्या प्रभागाच्या सुमारे पाचपट होती. पतीच्या नावावर आलेल्या काही जणी पुढे स्वतःच्या नावावर टिकतात. मी अशा दोघी-तिघी पाहिल्यात आणि त्या कामाला पुरुषांपेक्षा उजव्या होत्या.

चिंताच नसलेला कारभार कसा असतो, हा प्रयोग तर सोलापुरात होऊन गेला. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढची निवडणूक थेट १५ जानेवारी २०२६ ला, सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत झाली. संविधान म्हणतं मुदत संपायच्या आत निवडणूक घ्या. ओबीसी आरक्षणाचा खटला आणि प्रभागरचनेचा घोळ यांत चार वर्षं गेली आणि अखेर मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्या म्हणून सांगितलं. तोवर प्रशासक. त्यांना मत मागायचं नव्हतं.

त्या काळात काही अवघड कामं झाली हे मान्य करायला हवं. उजनीपासूनच्या समांतर जलवाहिनीचं, जी सोलापूरकर वर्षानुवर्षं ऐकत आले, बरंचसं काम याच काळात झालं. विमानांच्या वाटेत येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ ला पाडली तीही याच काळात. होटगी रोडचं विमानतळ सगळ्या शहराला हवं होतं, पण त्यासाठी मतदान फिरवणारा शहरात कुणी नव्हता. चिमणी मात्र ऊस घालणाऱ्या हजारो सभासदांच्या जिव्हारी लागणारी होती. १०२ नगरसेवकांच्या सर्वसाधारण सभेपुढे विषय आला असता तर चिमणी त्या दिवशी पडली असती, असं मला वाटत नाही. पुढे २०२४ च्या लोकसभेत भाजप हरला, तेव्हा चिमणीचा राग मतपेटीत उतरला अशी चर्चा झाली. मला ते अर्धंच पटतं, कारण त्याच वर्षी नोव्हेंबरात सोलापूर दक्षिण भाजपनेच राखला.

पण चिमणीएवढं मोठं नसलेलं जे काही असतं, त्याचं काय झालं? फुटलेला चेंबर, बंद दिवा, घंटागाडी, चावीवाल्याने दहा मिनिटं आधी बंद केलेलं पाणी. नगरसेवकाला रात्री अकराला फोन लावून शिव्या घालता येतात. झोन ऑफिसला लावता येत नाहीत. त्या चार वर्षांत लोक माजी नगरसेवकांकडेच जात होते आणि ते खांदे उडवून म्हणत, "आम्ही आता माजी हाय ओ." इच्छुकांनी मात्र टँकर पाठवले, बायकांना देवदर्शनाच्या बसमध्ये बसवलं. पद नसताना जेवढं दिसण्याजोगं करता येतं तेवढंच.

तेव्हा तुमच्या ड्रेनेजकडे परत येऊ. निवडणूक नुकतीच झाली आहे, म्हणजे खोदाईच्या शिव्या खायची नगरसेवकाची तयारी याच वर्ष-दीड वर्षात असते. शेवटच्या वर्षी कुणी रस्ता खोदत नाही. आधी झोन ऑफिसला जाऊन एवढंच विचारा की तुमच्या गल्लीचं पाणी कुठल्या मेन लाइनला जायचं आहे आणि ती झाली आहे का. नसेल तर गल्लीतल्या लाइनसाठी भांडू नका, त्या मेन लाइनसाठी शेजारच्या प्रभागातल्या लोकांना सोबत घ्या. अर्ज अ, ब, क, ड चौघांच्या नावाने एकच करा आणि चौघांची पोच एकाच कागदावर घ्या, म्हणजे कुणी कुणाकडे बोट दाखवणार नाही. अर्जात पेव्हिंग ब्लॉक नको असं स्पष्ट लिहा, नाहीतर तेच मिळतील. आणि प्रत्येक सहीपुढे मतदारयादीतला भाग क्रमांक लिहा. सह्या किती आहेत हे कुणी मोजत नाही, भाग क्रमांक मात्र आमच्यासारखा माणूस तक्त्याशी लावून बघतो, आणि त्यात तुमचा बूथ पिवळा निघाला तर अर्ज त्याच संध्याकाळी साहेबांच्या टेबलावर जातो. हे सगळं पुढच्या अंदाजपत्रकाच्या कामांच्या याद्या तयार व्हायच्या आधी करा. एकदा अंदाजपत्रक मांडलं की त्या वर्षी हाती लागतं ते फक्त दुरुस्तीच्या हेडमधलं.